सव्वापाचचा घाट

[दृश्य: रात्र. स्वयंपाकघराचा ओटा, झाकून ठेवलेली भाजी, दाराशी बूट.]

माझं पळणं रात्री साडेनऊला सुरू होतं. कणीक मळून फ्रीजमध्ये जाते, भाजी चिरून झाकली जाते, आत्यांच्या सकाळच्या गोळ्या वाटीत काढून ठेवते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मग पळायचे कपडे उशाशी, बूट दाराशी, मोजे बुटांत आणि घराची किल्ली बुटाच्या लेसमध्ये ओवून गाठ मारलेली. पहाटे पावणेपाचला डोकं चालत नाही, हात चालतात. हाताला जे लागेल ते घालून बाहेर पडायचं. तेव्हा काही शोधत बसावं लागलं, तर पाय पुन्हा पांघरुणाकडे वळतात.

लोक विचारतात, एवढी जिद्द कुठून आणता? जिद्दीवर माझा फारसा भरवसा नाही. ती पहिले दोन आठवडे पुरते. त्यापुढं सकाळचं दूध कोण तापवणार, डबा कोण भरणार, आत्यांजवळ कोण थांबणार, हे घरात ठरलेलं असावं लागतं. माझी पळण्यातली निम्मी मेहनत या ठरवाठरवीत गेली आहे. या फिल्ममध्ये मला मुख्यतः तेच सांगायचं आहे, कारण पदकांच्या फोटोत ते कधीच दिसत नाही.

[दृश्य: पहाट. समर्थ मंदिराचा चौक. अंधारात हेडलॅम्पचे उजेड.]

मी साताऱ्यात राहते आणि एका पतसंस्थेच्या काउंटरवर काम करते. दिवसभर समोर रांग आणि मी खुर्चीत. आम्ही पाच-सहा जणी समर्थ मंदिरापाशी सव्वापाचला भेटतो. एकटीनं अंधारात घाटात जायचं नाही, हा आमचा पहिला नियम. गल्लीतली कुत्री एकटीवर धावून येतात, घोळक्यावर सहसा येत नाहीत, आणि बाकीची भीती कुठल्याही बाईला मी समजावून सांगायला नको.

इथून कासचा रस्ता चढाला लागतो, तो थेट यवतेश्वरापर्यंत. घाटात आम्ही रस्त्याच्या उजव्या कडेनं पळतो, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. वळणावर मात्र आधी कान द्यायचा. दुधाच्या गाड्या उतारावरून इंजिन बंद ठेवल्यासारख्या आवाज न करता येतात. पावसाळ्यात दरडीकडच्या बाजूला बारीक दगडगोटे पसरलेले असतात, पाय मुरगळायला त्यातला एक पुरतो. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांनाच वाटतं की आज काही खरं नाही, छाती भरून येते, पोटऱ्या ताणतात. मग श्वास आणि पाय एकमेकांना सापडतात. आमचा दुसरा नियम गप्पांचा आहे. चढावर एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एखादी गप्प झाली की बाकीच्या वेग कमी करतात. पळण्याचा पाया बराचसा अशा बोलत-बोलत पळण्यावरच उभा राहतो, हे मला पुष्कळ पुढं कळलं. नियम आधीपासून होता, कारण आम्हाला बोलायचं असायचं.

अर्ध्या घाटातून मागं बघितलं की खाली सगळं शहर दिव्यांनी भरलेलं आणि पलीकडं अजिंक्यतारा. हे रोज बघूनही मला रोज बरं वाटतं.

[दृश्य: माण तालुक्यातलं माळरान. कोरडा ओढा, बाभळी.]

माझं माहेर माण तालुक्यातलं, दुष्काळी पट्ट्यातलं. आमच्या लहानपणी टँकर आला की घागरी घेऊन सगळे धावायचे, एवढंच काय ते पळणं. अण्णांना, माझ्या वडिलांना, साखरेचा आजार होता. पायाला झालेली जखम त्यांना कळलीच नाही, कारण साखरेनं पायाची संवेदनाच गेली होती. शेवटी बोट काढावं लागलं.

त्याच पावसाळ्यात, २०१६ मध्ये, रिओचं ऑलिम्पिक होतं. आमच्याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर ३,००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत होती. पी. टी. उषानंतर, म्हणजे १९८४ नंतर, ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. १५ ऑगस्टची संध्याकाळ. अण्णा पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून टीव्हीसमोर बसले होते. ललिता दहावी आली. अण्णांनी तो नंबर मनावरच घेतला नाही. म्हणाले, "आपल्याच रानातनं पळालेली पोर." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू तरी बसून राहू नको गं."

त्या वाक्यानं मी सुरुवात केली, असं सरळ म्हणता येईल. पण खरं कारण तो स्टुलावरचा पाय होता. मला भीती वाटली होती. सुरुवात भीतीनं झाली तरी चालते, असं माझं ठाम मत आहे. पुढं कारणं बदलत जातात.

[दृश्य: वाड्याचं अंगण. तुळशीजवळ बसलेल्या बायका.]

सुरुवातीला गल्लीतल्या बायका आत्यांना येऊन सांगायच्या, "सुनेला आवरा, बायकांनी असं पळू नये, पिशवी खाली येते." आत्यांनाही ते पटायचं. मला तेव्हा वाटायचं, ही आपल्याकडचीच समजूत. पुढं वाचलं, तर कॅथरीन स्विट्झर १९६७ मध्ये बोस्टन मॅरेथॉन पळाली, तेव्हा अमेरिकेतही बायकांना हेच ऐकवलं जात होतं. पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. बायकांची यायला १९८४ उजाडलं. तेव्हा आमच्या गल्लीतल्या मावशींवर मला राग धरता येत नाही. जगभरच्या शहाण्यासुरत्या माणसांनी तेच धरून ठेवलं होतं.

आत्यांशी मी वाद घातला नाही. डॉक्टरीणबाईंकडं त्यांना बरोबर घेऊन गेले. बाईंनी तपासून सांगितलं, पळायला काही हरकत नाही. पण माझे डोळे आणि नखं बघून त्या थांबल्या आणि रक्त तपासायला लावलं.

हिमोग्लोबिन ८.७ निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. चढावर मला लागणारी धाप, दुपारी काउंटरवर येणारी ग्लानी, जिना चढताना होणारी धडधड, या सगळ्याला आजूबाजूचे वयावर ढकलत होते. शरीरभर प्राणवायू नेणारं हिमोग्लोबिनच कमी असेल तर घाट कसा चढणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. तरी आपल्याकडं "मला हल्ली दम लागतो" म्हणणाऱ्या बाईला सल्ला मिळतो तो आराम कर म्हणून, तपासणी कर म्हणून कोणी सांगत नाही. याचा मला मनापासून संताप येतो.

लोहाच्या गोळ्या चालू झाल्या. जेवणाबरोबरचा चहा बंद झाला, कारण चहामुळं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. त्याजागी पानात लिंबाची फोड आली. काही महिन्यांनी एका सकाळी घाटातलं पहिलं मोठं वळण मी बोलत-बोलत चढले आणि ते वर आल्यावरच माझ्या लक्षात आलं.

[दृश्य: घरातला पलंग. खिडकीतून दिसणारी गल्ली.]

त्यानंतरचं वर्ष आत्यांचं. एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला आणि तोंड एका बाजूला वाकडं झालं. आम्ही लगेच दवाखान्यात नेलं. अर्धांगवायूत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आम्ही वेळेत पोचलो होतो. जीव वाचला, पण डावी बाजू लुळी पडली.

पहिले काही आठवडे पळणं शून्य. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रही तशीच जायची. मला झोप कमी पडत होती, पण त्याहून जास्त एक गोष्ट खात होती. दिवसातलं एकही मिनिट असं नव्हतं, ज्यात मी कोणाचं तरी काही करत नव्हते. मी आत्यांवर ओरडायला लागले. लेकीवर ओरडायला लागले. एका रात्री ह्यांना म्हटलं, "मला पंधरा मिनिटं द्या. जास्त नकोत."

ह्यांनी कूस बदलायला शिकून घेतलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते सोपं नव्हतं. आईला उचलताना लाजणारा मुलगा, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, पायांमध्ये उशी, हे सगळं फिजिओथेरपीच्या ताईंकडून दोन-तीनदा करून घेऊन शिकला. मग माझी पंधरा मिनिटं सुरू झाली. गल्लीच्या टोकापासून आमच्या खिडकीपर्यंत आणि परत. घाट नाही, मैत्रिणी नाहीत, घड्याळ नाही. हाक आली तर ऐकू यावी एवढ्याच अंतरात. लांबून बघणाऱ्याला ते पळणं वाटलंही नसेल. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गरजेचं पळणं तेच होतं.

पंधराची वीस झाली, वीसची तीस. आत्या भिंतीला धरून उभ्या राहायला लागल्या. एका सकाळी मला अंगात कणकण होती म्हणून मी गेले नाही. आत्यांनी पलंगावरून बघितलं आणि अजून नीट न वळणाऱ्या जिभेनं म्हणाल्या, "आज घरात का? जा. नाही गेलीस की दिवसभर तोंड वाकडं करतीस." पिशवीची भीती घालणाऱ्या त्याच आत्या. मी कणकण घेऊन चालत का होईना, एक चक्कर मारून आले.

[दृश्य: माळरानातली पायवाट, सकाळचं ऊन.]

अण्णा गेले ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. माहेरी दहावा झाला. घरात सारखं कोणी ना कोणी भेटायला येत होतं आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आईनं मला विचारलं, "बूट आणलेत का?" आणले नव्हते. भावाचे कॅनव्हासचे बूट दोन-दोन मोजे चढवून घातले आणि शिवारातल्या रस्त्यानं पळाले. त्या रस्त्यावर कोणाला काही सांगावं लागलं नाही. परत आले तेव्हा आईनं चूल पेटवून पाणी तापत ठेवलं होतं.

[दृश्य: सप्टेंबर. रस्त्याच्या दोन्ही कडांना गर्दी, ढोल, पाऊस.]

सप्टेंबरातली सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. २०१५ ला २,६१८ जण पळाले आणि डोंगरावरच्या एका शर्यतीत सर्वाधिक धावपटू म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली. २१ किलोमीटरपेक्षा थोडं जास्त अंतर, पहिली निम्मी वाट चढाची, उरलेली उताराची. त्या दिवशी राजपथावर अख्खं गाव उभं असतं. चिपळ्या वाजवणाऱ्या आज्या असतात, कोणी लिंबाच्या फोडी पुढं करतं, कोणी नुसतंच "चला, चला ताई" ओरडतं. मी पहिल्यांदा पळाले तेव्हा या आवाजानंच चढून गेले.

उतार मात्र फसवतो. नवखे म्हणतात, आता काय, खालीच जायचं. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार झेलतो. त्यानं स्नायूत बारीक इजा होते आणि दुखणं लगेच कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं. शर्यतीनंतरच्या सोमवारी-मंगळवारी साताऱ्यात सरकारी कचेऱ्यांचे जिने आडवी पावलं टाकत उतरणारी माणसं बघावीत, ती सगळी आदल्या रविवारची. म्हणून आम्ही उताराचाही सराव करतो, लहान पावलं टाकत, गुडघा थोडा मऊ ठेवून.

माझं पदक आत्यांच्या पलंगाच्या दांडीला अडकवलेलं आहे. त्यांनीच मागून घेतलं. माझी वेळ काय लागली, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मलाही आता ती फारशी महत्त्वाची वाटत नाही. साखर आटोक्यात आहे, हिमोग्लोबिन दर सहा महिन्यांनी बघते, हे सगळं आहेच. पण मी पळते ते त्या तासासाठी. त्या तासात मी कोणाची सून नसते, आई नसते, काउंटरवरची मॅडम नसते. तो तास मला कोणी बक्षीस म्हणून दिलेला नाही. घरातल्या चौघांनी आपापलं काम उचलून तो उभा केला आहे. लेक आता स्वतःचा डबा स्वतः भरते. आत्या उजव्या हातानं लसूण सोलतात. ह्यांचा चहा माझ्यापेक्षा चांगला होतो.

[दृश्य: समर्थ मंदिराचा चौक. बायका बुटांच्या लेस बांधताहेत.]

गटात नवीन बाई आली की आम्ही तिला आधी दोन गोष्टी विचारतो. रक्त कधी तपासलं होतंस, आणि सकाळी घरी कोण असतं. बूट कुठले घेऊ, हा प्रश्न तिचा असतो, तो आम्ही तिसरा ठेवतो. पहिले काही आठवडे ती आमच्याबरोबर चालते, मध्येच थोडं पळते, पुन्हा चालते. तिच्याबरोबर आमच्यातली एक जण मागं राहते. ती पाळी ठरवून दिलेली आहे, कारण मागं राहणारीला त्या दिवशी आपलं पळणं सोडावं लागतं.

येत्या रविवारी यवतेश्वरापर्यंत जायचं ठरलंय. नवीन दोघींपैकी एकीचं बाळ आठ महिन्यांचं आहे. त्याला पाजून निघता यावं, म्हणून या रविवारी सगळ्यांनी पावणेसहाला यायचं आहे.