तारखांमागची माणसं

ग्वाटेमालाचं जंगल, उसुमासिंता नदीचा काठ. इथे पिएद्रास नेग्रास नावाचं, मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांचं नगर आहे. हा तिथलाच एक शिलास्तंभ. वर कोनाड्यात कुणीतरी बसलंय, खालून शिडी गेलीय आणि शिडीवर पावलांचे ठसे. जुने अभ्यासक म्हणत, हा आकाशात चढणारा देव. आणि बाजूला कोरलेल्या तारखा? पुरोहितांची कालगणना! त्या काळचे सर्वांत वजनदार माया-पंडित एरिक थॉम्पसन यांच्या मते या लेखांत माणसांचा इतिहास नव्हताच.

हे मत मोडून काढलं तातियाना प्रोस्कुरियाकॉफ यांनी. त्यांचा जन्म 1909चा, सायबेरियातल्या तोम्स्कचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात कुटुंब अमेरिकेत आलं. 1930 मध्ये त्या आर्किटेक्ट झाल्या, तेही ऐन महामंदीत. काम कुठून मिळणार! भरतकामाचे नमुने काढून दिल्यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी चित्रं काढायची संधी मिळाली आणि 1936 मध्ये उत्खननाच्या तुकडीबरोबर त्या पिएद्रास नेग्रासला पोचल्या. ढासळलेल्या ढिगाऱ्यांची मापं घ्यायची आणि मूळची इमारत कागदावर उभी करायची, हे त्यांचं काम. पुरातत्त्वाची पदवी मात्र त्यांच्याकडे कधीच नव्हती.

पुढे त्यांच्या लक्षात आलं की इथले स्तंभ सुटे सुटे नाहीत, त्यांचे गट आहेत. प्रत्येक गटाची सुरुवात कोनाड्यातल्या माणसाने होते. त्याच्या बसण्याची एक तारीख आहे. पुढचे स्तंभ त्याच तारखेपासूनची वर्षं मोजतात. आणि तिच्याही आधीची, बारा ते एकतीस वर्षं मागची, आणखी एक तारीख आहे. तिच्याशी नेहमी एकच चिन्ह, ज्याला अभ्यासक गमतीने ‘उताणा बेडूक’ म्हणत. कुठलाही गट माणसाच्या आयुष्यापेक्षा लांबत नाही.

म्हणजे बेडूक हा जन्म. कोनाडा हे राज्यारोहण. गट संपला की राजा संपला, पुढचा गट वारसाचा.

त्या लिपीतला एकही शब्द उच्चारता येत नसताना निव्वळ वजाबाकीने त्यांनी हे दाखवलं. 1960 मध्ये लेख छापला गेला. लांब झग्यातल्या ज्या आकृत्यांना पुरोहित म्हटलं जायचं, त्या बायका असल्याचंही त्यांनीच ओळखलं. थॉम्पसन यांनी चूक कबूल केली. एवढा मोठेपणा सगळ्याच पंडितांत नसतो.

मग त्या याश्चिलान या दुसऱ्या माया नगराच्या राजांकडे वळल्या. आणि 1973 मध्ये, मेक्सिकोतल्या पालेंके या माया नगरापाशी भरलेल्या परिषदेत, लिंडा शील, पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाउन्सबरी या अभ्यासकांनी याच वाटेने जाऊन तिथल्या राजांची वंशावळ एका दुपारी मांडली.