छापखान्यातली एक्सपी नव्या संगणकावर नेताना

मंडळी, इथे बसलेले बहुतेक जण छापखान्यातले नाहीतर डीटीपीवाले आहात. तुमच्याकडे एक तरी संगणक असा असणारच, ज्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्यावर विंडोज एक्सपी, पानं लावायला पेजमेकर, आणि मागे पॅरलल पोर्टात (जुन्या प्रिंटरच्या जोडणीत) खोचलेलं मराठी फॉन्टचं डोंगल, जे लावलेलं असेल तरच फॉन्टचं सॉफ्टवेअर चालतं. एक दिवस मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगतात आणि तो उठतच नाही. मग वाटतं, नवा संगणक आणू आणि त्यावर तीच एक्सपी मारू.

सांगलीकडच्या एका छापखानेवाल्या काकांनी तसंच केलं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल आणि पंधरा-सोळा वर्षांचे दिवाळी अंक, एवढा त्यांचा संसार जुन्या डिस्कवर होता. विक्रेत्याने सांगितलं होतं, कुठलीही विंडोज चालेल. काकांनी सीडी घातली. निळा पडदा आला, खालच्या पट्टीवर एकेका ड्रायव्हरचं (संगणकाचा एकेक भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं) नाव सरकत गेलं, ‘सेटअप इज स्टार्टिंग विंडोज’ ही ओळ आली आणि तिथेच सगळं थिजलं. पडद्यावर स्टॉप कोड: शेवटी ७बी. काकांनी सीडी पुसून पुन्हा लावली, तीन वेळा. सीडीचा काही दोष नव्हता.

तोपर्यंत डिस्क वाचून द्यायचं काम बायोस, म्हणजे बोर्डातच भरलेलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, करत असतो. त्या ओळीनंतर विंडोजचा स्वतःचा गाभा सूत्रं हातात घेतो आणि डिस्कशी थेट बोलू लागतो. एक्सपी २००१ सालची. आजच्या साटा डिस्कशी बोलण्याची एएचसीआय ही पद्धत त्यानंतरची, त्यामुळे एक्सपीला ती भाषाच येत नाही. ज्या डिस्कवर बसायचं तीच तिला दिसत नाही, म्हणून ७बी. यावर एक सोय होती: सुरुवातीला एफ६ दाबायचं आणि ड्रायव्हर द्यायचा. पण तो ड्रायव्हर एक्सपी फ्लॉपीवरूनच मागते! म्हणून आम्ही एनलाइट हा प्रोग्राम वापरून ड्रायव्हर सीडीतच मिसळायचो, किंवा बायोसमध्ये जाऊन साटा ‘आयडीई’ या जुन्या पद्धतीवर ठेवायचो. आता नव्या बोर्डांवर तो आयडीईचा पर्यायच राहिलेला नाही.

काही जण म्हणतात, मग विंडोज ७ मारू. ती २००९ची, एएचसीआय तिला समजतं. पण तिथे वेगळंच घडतं. बायोसमध्ये कीबोर्ड व्यवस्थित चालतो. सेटअपची भाषा निवडायची चौकट येते आणि माउसखालचा लाल दिवा विझतो. पडद्यावर ‘नेक्स्ट’ बटण दिसतंय आणि ते दाबायला हातात काहीच नाही. इंटेलने २०१५च्या स्कायलेक पिढीपासून चिपसेटमधला यूएसबी २चा जुना कंट्रोलर काढून टाकला. सगळी यूएसबी पोर्टं नव्या कंट्रोलरवर गेली, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोज ७च्या डिस्कवर नाही. बोर्डावर गोल पीएस-टू पोर्ट असेल तर जुना कीबोर्ड लावा, काम होतं. नसेल तर ड्रायव्हर आधीच आत घालावा लागतो, आणि इथे पुष्कळ जण फसतात: तो फक्त बूट.विममध्ये, म्हणजे सेटअप चालवणाऱ्या फाइलमध्ये, घालतात. सेटअप पूर्ण होतं, संगणक पुन्हा सुरू होतो आणि कीबोर्ड परत मेलेला! इन्स्टॉल.विममध्येही, म्हणजे जिच्यातून विंडोज डिस्कवर उतरते त्या फाइलमध्येही, तो घालायलाच हवा.

पुढे यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेलं नवं सॉफ्टवेअर. जुन्या बायोसचं सोंग घेणारी सीएसएम नावाची सोय बोर्डात नसेल तर विंडोज ७ लोगोपाशीच अडकते, कारण ती पडदा चालवायची जुनी व्हीजीए पद्धत शोधत बसते. एक्सपी तर तिथे सुरूच होत नाही. मेमरीचंही लक्षात ठेवा. सोळा जीबी घेतलीत तरी ३२-बिट एक्सपीला सव्वातीन-साडेतीनच्या आसपासच दिसणार.

आणि डोंगल. यूएसबी ते पॅरलल केबल विकत घेऊ नका. ती केबल विंडोजला प्रिंटर म्हणून दिसते. डोंगलचं सॉफ्टवेअर मात्र पोर्टाच्या जुन्या पत्त्यावर थेट जाऊन हाक मारतं. त्या पत्त्यावर कुणीच राहत नाही. आधी फॉन्टवाल्यांना फोन करा, यूएसबी डोंगल बदलून मिळतं का विचारा.

माझं स्पष्ट मत आहे की नव्या संगणकावर एक्सपी थेट मारण्याचा हट्ट सोडावा. नवी विंडोज किंवा लिनक्स ठेवा, त्यात व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा खोटा संगणक उभा करणारा प्रोग्राम, आणि एक्सपी त्या खोक्यात. खोक्यातली डिस्क ‘आयडीई’ ठेवली की एक्सपीला वाटतं, आपण आपल्याच काळातल्या संगणकावर आहोत. जुना संगणक अजून चालत असेल तर आजच डिस्क-टू-व्हीएचडी या प्रोग्रामने त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून ठेवा. आणि खोक्याला इंटरनेट देऊ नका. एक्सपीचे नियमित सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ला थांबले. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा हल्ला झाला तेव्हा मायक्रोसॉफ्टला अपवाद म्हणून तिच्यासाठी पॅच काढावा लागला. पीडीएफ बाहेर काढायला शेअर्ड फोल्डर पुरतो.

आता माझ्या जिवाला लागलेली गोष्ट. खोक्यात एक्सपी सुरू झाली म्हणून थांबू नका. तुमच्या फायलींत मराठी नाहीच. तिथे इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आहेत आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट गेला की उरतात निरर्थक खुणा. हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणला तरच तो शोधता येईल, कुठल्याही संगणकावर वाचता येईल. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये ‘किल्ला’ची वेलांटी ‘क’च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. ‘सूर्य’चा रफार तिथे ‘य’नंतर, इथे ‘र्’ आधी. आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला ऱ्य-ऱ्ह तर हमखास मोडतो. एक माणूस बसवून वाचून घ्यावंच लागतं.

काकांची जुनी डिस्क अजून धडधाकट होती. तिची प्रत खोक्यात लावली, फॉन्टवाल्यांकडून यूएसबी डोंगल आलं, आणि आम्ही पहिल्यांदा एक जुना दिवाळी अंक उघडला. मजकूर युनिकोडमध्ये आणून मी त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा कपाळावरून खाली ओढून ते पहिल्या पानापासून वाचत गेले. तिसऱ्या ओळीत ‘वाऱ्यावर’ फुटलेला होता. कीबोर्ड माझ्याकडून घेतला, एका बोटाने तो शब्द नीट केला आणि पुढच्या ओळीवर गेले.