सूचना चढवली, पण पोचली का?

तुमच्यापैकी बरेच जण शाळेची, संस्थेची, वाचनालयाची साइट सांभाळता. बहुतेकांची वर्डप्रेसवर. कोणीतरी एकदा बनवून दिली, आता रोजचा मजकूर तुम्हीच टाकता. ती साइट सुगम्य, म्हणजे अंधांना आणि माउस न वापरणाऱ्यांनाही वापरता येईल अशी, कशी ठेवायची ते बघू. मजकूर तुमच्या हातात, त्यामुळे कोडबद्दल मी फार बोलत नाही. थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, घेताना ‘ॲक्सेसिबिलिटी रेडी’ (सुगम्यतेसाठी तयार) हा टॅग बघा, निम्मी डोकेदुखी तिथेच वाचते. उरलेला घोळ घालतो आपण, मजकूर टाकताना.

आपल्याकडचा नेहमीचा प्रकार घ्या. परीक्षा पुढे ढकलल्याची सूचना डीटीपीवाल्याकडून येते, ती युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये. एडिटरमध्ये चिकटवली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. मग काय, जेपीजी करा आणि चढवा! डोळ्यांना झकास दिसतं. शेजारची ‘ऑल्ट टेक्स्ट’ची, म्हणजे चित्राचं वर्णन लिहायची चौकट मात्र रिकामी. तशी ती सोडली, की चित्र निव्वळ शोभेचं आहे असं धरून स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्याला गाळून पुढे जातं. अंध विद्यार्थ्याला सूचना अर्धवट ऐकू येते असं नाही. तिथे सूचना आहे हेच त्याला कळत नाही. तो बिचारा ठरल्या दिवशी परीक्षेला हजर.

यावर ऑल्ट टेक्स्टमध्ये अख्खं पत्रक कोंबू नका. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पानावर टाका, चित्र हवंच तर खाली राहू दे. सही-शिक्क्यासह स्कॅन केलेली पीडीएफ हेही चित्रच, बरं का.

हेडिंगचंही तसंच. ओळ ठळक केली, अक्षर मोठं केलं, झालं हेडिंग, असं आपल्याला वाटतं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणारा माणूस ‘एच’ दाबत एका हेडिंगवरून दुसऱ्यावर जातो. तुमची ठळक ओळ त्याला सापडतच नाही. एडिटरमधला ‘हेडिंग’ ब्लॉकच घ्या. पानाचं शीर्षक सहसा पहिल्या पातळीवर असतं, म्हणून आत दुसरीपासून सुरुवात करा. दुव्यांची यादी काढून ऐकणाऱ्याला ‘येथे क्लिक करा’ दहादा ऐकवू नका. ‘प्रवेश अर्ज’ लिहा ना सरळ.

सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी आहे ना, तेही बघा. ती इंग्रजी राहिली तर पानाच्या कोडमध्ये तशीच नोंद जाते आणि इंग्रजी आवाजाच्या तोंडी देवनागरी पडून वाचनाचा विचका होतो.

‘हे प्लगइन टाका, साइट सुगम्य होईल’ असं सांगणारे भेटतील. कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह येतं, अक्षर मोठं करायची बटणं येतात. जेपीजीतली सूचना काही त्याने वाचता येण्याजोगी होत नाही. माझ्या मते तो पैसा वायाच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिजिटल माहिती सुगम्य असण्याची तरतूद आहे. ती नुसतं बटण बसवून पाळली जात नाही.

आज घरी गेल्यावर माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब दाबत आपल्याच साइटवरचा प्रवेश अर्ज शेवटपर्यंत भरून बघा. जिथे अडकाल ते पान आधी दुरुस्तीला घ्या.