कॉलबॅकची टेस्ट: नोंदणीपासून रद्द होईपर्यंत

सी भाषेत एखाद्या फंक्शनचा पत्ता दुसऱ्या कोडच्या हवाली केला, की वेळ आल्यावर तो कोड ते फंक्शन कॉल करतो. हा कॉलबॅक. प्रमाणित लायब्ररीतलं 'एटएक्झिट' घ्या. प्रोग्राम संपताना काय चालवायचं, ते याच्याकडे रजिस्टर करायचं. १९८९ च्या मानकापासून त्याचा शब्द पक्का आहे: निदान ३२ फंक्शन्स मावतील, शेवटचं आधी चालेल, आणि एकच दोनदा रजिस्टर केलं तर दोनदा चालेल.

टेस्ट लिहायला बसलं की अडचण कळते. प्रोग्राम संपल्याशिवाय ही फंक्शन्स चालत नाहीत, आणि प्रोग्राम संपला की टेस्टही संपली! मग 'फोर्क' करायचं, म्हणजे चालू प्रोग्रामची एक प्रत काढायची: मूळ प्रोसेस पॅरेंट, प्रत चाइल्ड. अशी एक चाइल्ड प्रोसेस बघा: पाइपमध्ये (दोन प्रोसेसमधला डेटा नेणारा मार्ग) 'अ' लिहिणारं फंक्शन तिने एकदा रजिस्टर केलं, 'ब' लिहिणारं दोनदा, आणि 'एक्झिट' केलं. पॅरेंटने 'बबअ' वाचलं, की टेस्ट पास. एक मात्र ध्यानात असू द्या: फोर्कपूर्वी पॅरेंटने जे रजिस्टर केलं असेल, ते चाइल्डकडेही जातं आणि तिथेही चालतं.

आपल्या स्वतःच्या लायब्ररीत फोर्कची गरज नाही. तिथे कॉलबॅकसोबत व्हॉइड पॉइंटर (कुठल्याही प्रकारच्या डेटाचा पत्ता) द्यायची सोय ठेवावीच. नाहीतर टेस्टला ग्लोबल व्हेरिएबलवर विसंबावं लागतं. टेस्ट त्या पॉइंटरमधून एका छोट्या स्ट्रक्टचा पत्ता पाठवते, कॉलबॅक त्यातली मोजणी वाढवतो. आता तेच फंक्शन दोन वेगळ्या स्ट्रक्टसह रजिस्टर करा. इव्हेंट पाठवा, म्हणजे लायब्ररी रजिस्टर झालेले सगळे कॉलबॅक चालवेल, मग पहिली नोंद रद्द करा, पुन्हा इव्हेंट पाठवा. पहिल्यात १ आणि दुसऱ्यात २ हवेत. नुसता फंक्शनचा पत्ता बघून नोंद काढणारी लायब्ररी इथेच पकडली जाते.

सगळ्यात अवघड जागा पुढे आहे. कॉलबॅक चालू असतानाच स्वतःची नोंद काढतो. नोंदींच्या यादीतला त्याचा नोड फ्री होतो (त्याची मेमरी परत दिली जाते), आणि एकेक कॉलबॅक चालवणारा लूप त्याच नोडमधून 'नेक्स्ट', म्हणजे पुढच्या नोडचा पत्ता, वाचायला जातो. साधी टेस्ट इथे कित्येकदा नशिबाने पास होते, म्हणून अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) लावूनच चालवा. तो नेमकी ओळ दाखवतो. 'नेक्स्ट' आधीच वाचून ठेवला तर एवढं मिटतं. पण कॉलबॅकने शेजारच्या, पुढच्याच नोडची नोंद काढली तर? त्याचीही टेस्ट हवीच. लूप चालू असताना नोडवर फक्त 'रद्द' अशी खूण करायची, खूण असलेला नोड वगळायचा आणि फ्री नंतर करायचं, या रीतीने दोन्ही टेस्ट पास होतात. कॉलबॅकने आतून आणखी एक इव्हेंट पाठवला असेल, तर फ्री करायला सगळ्यात बाहेरचा लूप संपेपर्यंत थांबायचं.