जुनी बॅटरी तळातून बघावी

मंडळी, जुन्या मोटारींच्या बॅटऱ्यांची रचना आणि बांधणी कशी पारखायची, हा आजचा विषय. इथे मांडलेल्या नमुन्यांजवळ जो आला तो लाकडी पेटीवरून हात फिरवून "काय काम आहे!" म्हणून गेला. पेटीचं काम सुताराचं हो, त्यात बॅटरीवाल्याचं काय! आत कठीण रबराचे डबे (एकेक डबा म्हणजे एक सेल), त्यांत शिशाच्या प्लेटा आणि सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी मरते ती तिथे.

बांधणी म्हटलं की एडिसनची गोष्ट सांगावीच लागते. थोडी लांबते, पण मला ती फार आवडते. या गृहस्थाला शिसं आणि ॲसिड दोन्ही नकोसे. त्याने निकेल आणि लोखंड घेतलं, ॲसिडऐवजी अल्कली, आणि सगळं पोलादी डब्यात. 1903च्या सुमारास माल बाजारात आला, तोवर वर्तमानपत्रांत केव्हाच गाजून झाला होता. (जाहिरात हा त्याचा आणखी एक शोध म्हणायला हरकत नाही.) पण डबे सांध्यांतून गळू लागले, सेलची ताकद घटू लागली. 1904मध्ये त्याने उत्पादनच थांबवलं. चालू धंदा बंद करून पुन्हा प्रयोगशाळेत बसायला छाती लागते. 1909मध्ये सुधारलेला सेल आला तो असा, की नीट सांभाळला तर दशकानुदशकं चालावा. आदळआपट सोसणारा, पूर्ण उतरला तरी न बिघडणारा. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना उत्तमच.

आणि 1912च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरचा सेल्फ-स्टार्टर आला, म्हणजे हाताने हँडल फिरवण्याऐवजी बॅटरीवरच्या मोटरने इंजिन सुरू करायचं! हा माणूस आधी कॅश रजिस्टरला मोटर बसवून आलेला. मोटर क्षणभरच चालवायची तर तिच्यावर भरमसाट भार टाकता येतो, हे त्याला तिथेच कळलेलं. आता बॅटरीने दिवसभर थोडं थोडं द्यायचं नव्हतं, काही सेकंदांत भसकन द्यायचं होतं. इथे निकेल-लोखंड हरलं. त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे आतूनच विजेला होणारा अडथळा, जास्त, थंडीत तर आणखीच. बांधणी अव्वल, पण काम बदललेलं. म्हणून कामाचं नाव घेतल्याशिवाय बॅटरीला चांगली-वाईट म्हणू नका.

घड्याळ दाखवतायत. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता पळत पळत.

पहिलं म्हणजे तळ. डब्याच्या तळाशी उभ्या पट्ट्या, त्यांवर प्लेटा टेकलेल्या, खाली मोकळी जागा. धन प्लेटेवरचा लेप झडून तिथे गाळ साठतो, आणि गाळ प्लेटांना भिडला की सेल आतल्या आत शॉर्ट. जागा खोल ठेवली तर पेटी उंच होते. ज्याने ती ठेवली त्याला आपला माल झडणार हे ठाऊक होतं, आणि त्याने ते लपवलं नाही. मी गुण देतो तो त्याला.

मग प्लेटांची जाडी. स्टार्टरला पृष्ठभाग हवा, म्हणजे प्लेटा पातळ आणि पुष्कळ. पण पातळ लवकर संपतात. "जड म्हणजे भारी" हे इथे चालत नाही.

प्लेटांमधले पडदे लाकडाचे. एकदा भिजलेले वाळले की तडकले.

वरची झाकणं डांबरासारख्या लुकणाने बंद केलेली. उन्हात मऊ, थंडीत तडे. तरी ते तापवून प्लेटांचा अख्खा संच बाहेर काढता येई, पडदे बदलून, गाळ धुऊन परत बसवता येई. हल्लीच्या बंद डब्यात हे करून दाखवा!

शेवटचं, अँटिमनी. प्लेटेचा लेप धरून ठेवते ती शिशाची जाळी. शुद्ध शिसं मऊ, त्याची जाळी टिकत नाही, म्हणून त्यात हा धातू मिसळायचा. त्याने ताठपणा आला, पण पाणीही जास्त उडू लागलं. सेलमध्ये वरचेवर पाणी घालणं आलं. आणि कित्येक गाड्यांत बॅटरी कुठे, तर पायाखालच्या फळ्यांच्या खाली! फळ्या उचलून, वाकून पाणी घालणार कोण? प्लेटा उघड्या पडायच्या, आणि दोष जमा व्हायचा बॅटरीवाल्याच्या नावावर.