येळवशीच्या आदल्या संध्याकाळी गंजगोलाईत

(दृश्य: तिन्हीसांज. गोलाईकडे येणारा रस्ता, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया, हातगाड्यांवरचे दिवे.)

उद्या मार्गशीर्ष अमावास्या. लातूर आणि धाराशिवकडची येळवस. उद्या दुपारी लातूर शहरात उघडं दुकान शोधावं लागेल. घरं कुलपात आणि माणसं शिवारात असतील. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होईल आणि ज्याचं स्वतःचं शेत नाही, तोही कुणाच्या तरी बांधावर हक्कानं जेवायला बसेल.

म्हणून आजची संध्याकाळ बाजाराची, लातूरच्या गंजगोलाईची आहे. चुका, पालक, मेथी, कांद्याची पात. तुरीच्या ओल्या शेंगा, वाटाणा, हरभऱ्याचे डहाळे, चिंचेचे गोळे. बेसन लावून शिजवायच्या भज्जीत यातलं काहीच वगळून चालत नाही. आंबिलासाठी नवा माठ हवा. बाई तो उचलते, बोटाच्या पेरानं वाजवून बघते, आवाज पटला नाही की खाली ठेवून दुसरा उचलते. कुंभारही घाई करत नाही.

(दृश्य: कॅमेरा वर जातो. गोलाईचा पूर्ण वर्तुळाकार, मध्ये जगदंबेचं मंदिर.)

वरून पाहिलं की या बाजाराची खरी ओळख पटते. मध्ये जगदंबा, तिच्याभोवती गोल दुमजली इमारत आणि तिथून चहूदिशांना फुटलेले सोळा रस्ते. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी हा आराखडा केला. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. १९११ मध्येच बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी इथवर पोचली होती आणि व्यापाराला रूळ मिळाले होते. गोलाईची मुख्य इमारत १९४५ साली उभी राहिली. दिल्लीचं कॅनॉट प्लेस गोल आहे हे देशभर माहीत आहे.  पण आपली गोलाईही तशीच गोल आहे. लातूरच्या मुलांना हे शाळेत आवर्जून सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हा आराखडा फार शहाणा आहे. सोळा रस्त्यांपैकी कुठूनही आत या, पाय मंदिरापाशीच येतात. सराफ लाईन, कापड लाईन, भुसार लाईन अशा धंद्यांच्या ओळी लागलेल्या. सोनं, लुगडी, चपला, मिरची, गूळ. औसा, निलंगा, रेणापूर, चाकूरकडून आलेल्या कुटुंबाला लग्नाचा बस्ता, मंगळसूत्र आणि किराणा एका फेरीत उरकता यावा, अशी ही रचना. चुकलं तरी गोल फिरून माणूस पुन्हा ओळखीच्या जागी येतो.

(दृश्य: रोजची संध्याकाळ. दुचाकींची दाटी, रिक्षा, कर्णे.)

हे दृश्य मात्र एरवीच्या संध्याकाळचं आहे. बैलगाड्यांच्या आणि पायी माणसांच्या काळातल्या वर्तुळात आता दुचाकी, रिक्षा आणि मालाचे टेम्पो एकाच वेळी घुसतात. दुकानांपुढे गाड्या लागतात, गाड्यांपुढे हातगाडे, आणि चालणाऱ्याला उरतो तो रस्त्याचा मधला भाग. मूल कडेवर घेतलेल्या बाईनं इथं निवांत खरेदी करायची कशी? खेड्यातून सकाळी निघालेल्या बाईला दिवसभरात स्वच्छ स्वच्छतागृह लागतं, एवढी साधी गोष्टही बाजाराचा विचार करताना शेवटी आठवते. ती पहिली यायला हवी, कारण या बाजाराचं गिऱ्हाईक मुख्यतः तीच आहे.

शहरही दूर सरकत गेलं. रेल्वे ब्रॉडगेज झाली आणि स्टेशन गावाबाहेर गेलं. मोठी दुकानं औसा रोडला लागली. लातूर पॅटर्नच्या नावावर डॉक्टर-इंजिनिअर व्हायला राज्यभरातून पोरं येतात, पण त्यांचं जग क्लास, मेस आणि अभ्यासिकेत मावतं. दोन वर्षं लातुरात राहून गोलाई न पाहिलेली मुलं असतात. याची हळहळ वाटते.

(दृश्य: पुन्हा येळवशीची गर्दी.)

रस्ते माणसांसाठी मोकळे करा म्हटलं की व्यापाऱ्यांना धास्ती वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक येईल का? ज्याचं पोट दुकानावर आहे, त्यानं हे विचारायलाच हवं. पण आजची संध्याकाळ बघा. गर्दीमुळे आत गाडी शिरतच नाही. लोक गाड्या लांब लावून चालत आलेत, आणि तरीही भाजीवाल्यांच्या पाट्या रिकाम्या होत चालल्यात. चालणारा माणूस थांबतो. माठ घ्यायला आलेली बाई बांगड्यांपाशी रेंगाळते, मग नातवाला रेवड्या घेते. दुचाकीवरचा माणूस एकाच दुकानापुढे उतरतो आणि निघून जातो. नवरात्रातही जगदंबेभोवती हेच घडतं.

मग हे वर्षातून काही दिवसच का?

मंदिराभोवतीची आतली फेरी संध्याकाळी पाच ते नऊ गाड्यांना बंद ठेवता येईल. भुसार लाईनीचा माल पहाटे उतरवावा. गाड्या सोळा रस्त्यांच्या बाहेरच्या तोंडांशी थांबाव्यात आणि म्हाताऱ्या माणसांसाठी तिथून बॅटरीची रिक्षा असावी. हातगाडेवाल्यांना हाकलायचं नाही, त्यांना आखून दिलेली पक्की जागा द्यायची. ते उठले तर बाजाराचा जीवच जाईल.

(दृश्य: दुकानांच्या पाट्यांवरून कॅमेरा हळूहळू वरच्या मजल्याकडे.)

आणि मान वर करून वरचा मजला बघा. खाली पाट्यांची एवढी झुंबड आहे की वर इमारत आहे, हेच नजरेतून सुटतं. तिथं अभ्यासिका निघू शकते, पोरांना परवडणारी मेस निघू शकते. क्लास सुटल्यावर ती पोरं गोलाईत आली, तर खालच्या दुकानांना न मागता नवं गिऱ्हाईक मिळेल. लातुरात तरुण माणसांची कमी नाही. त्यांना इकडे यायला कारण हवंय.

सुरुवातीला आठवड्यातली एकच संध्याकाळ घ्यावी, आतल्या फेरीपुरती. तीन महिने चालवावी, आणि पुढे वाढवायची की नाही ते दुकानदारांनी आपापला गल्ला मोजून ठरवावं.