सिलिॲक, गिरणी आणि हिंगाची डबी

नमस्कार. आज इथे आलेल्यांपैकी काहींच्या घरात सिलिॲक या आतड्याच्या आजाराचं निदान झालेलं आहे, काहींना नुसती शंका आहे. शंका असणाऱ्यांशी आधी बोलते. तपासणी होईपर्यंत कृपा करून गहू बंद करू नका. ग्लूटेन म्हणजे गव्हासारख्या काही धान्यांतलं प्रथिन. त्यामुळे या आजारात जी प्रतिपिंडं तयार होतात, ती टीटीजी-आयजीए या रक्तचाचणीत दिसतात. गहू सोडला की ती हळूहळू उतरतात, आतडंही सुधारायला लागतं. मग रिपोर्ट नॉर्मल येतो, दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यातही काही सापडत नाही, आणि माणूस अर्धवट पथ्यात अडकून पडतो. सतत जुलाब, पोट फुगणं, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन न वाढणं, मुलाची उंची खुंटणं, यातलं काही असेल तर आधी चाचणी. निदान पक्कं झालं की आईवडील, भावंडं, मुलं यांचीही चाचणी करा, कारण अशा जवळच्या नातेवाइकांपैकी शंभरात पाच ते दहा जणांना हा आजार निघतो.

लहान आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं सत्त्व तिथूनच अंगात जातं. सिलिॲकमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा ग्लूटेन पाहून बिथरते आणि या अस्तरावरच हल्ला करते. उंचवटे सपाट होतात. मग घरचे कितीही पौष्टिक खाऊ घालोत, मूल वाळतच जातं.

यामागे गहू आहे हे कळायला फार वर्षं गेली. सॅम्युअल गी या इंग्रज डॉक्टरांनी १८८८ मध्ये आजाराचं नेमकं वर्णन केलं होतं, पण गव्हाकडे पक्कं बोट दाखवलं ते विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. त्यांना आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि त्या उपासमारीतही सिलिॲकची मुलं मात्र सुधारली. डिके तिथे थांबले नाहीत. पुढे त्यांनी मुलांचा आहार पद्धतशीर बदलून पाहिला आणि १९५० मध्ये उट्रेख्टला प्रबंध सादर केला. आजही या आजाराला औषध नाही. उपचार आहे तो एवढाच: गहू, जव (म्हणजे बार्ली) आणि राय (हेही एक धान्य, मोहरी नव्हे) आयुष्यभर बंद.

आपल्याकडे हे ऐकून लोक म्हणतात, 'मग काय, भाकरी खाऊ!' बरोबर आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, कशातच ग्लूटेन नाही. महागड्या पाकिटांची गरज नाही. त्यांत बऱ्याचदा चोथा कमी आणि साखर जास्त असते. अडचण वेगळीच आहे. इटलीतल्या २००७ च्या एका अभ्यासात रुग्णांना रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तरी तीन महिन्यांत आतड्याचं अस्तर बिघडलं. एका पोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असतं. म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग रोज पोटात गेला तरी पुरे.

आता गिरणीचा विचार करा. आपल्या आधी कुणाचे तरी पाच किलो गहू दळून झालेले असतात. जात्यात, सुपड्यात, पिठाच्या पिशवीत कणीक उरलेली असते, ती आपल्या ज्वारीत उतरते. 'ज्वारीवर ज्वारी दळा' असं आपण सांगतोच, पण ते चवीपुरतं ठीक आहे. सिलिॲकच्या रुग्णाला तेवढ्याने भागत नाही. उपासाच्या दळणाला वेगळं जातं ठेवणाऱ्या गिरण्या आहेत, राजगिरा आणि शिंगाडा तिथून आणावा. ज्वारी-बाजरीसाठी घरची छोटी चक्की घेता आली तर उत्तम, फक्त त्या चक्कीत गहू कधीच टाकायचा नाही. दळणाआधी धान्य निवडायचं, कारण ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात. भाकरीचा तवा आणि परात वेगळी ठेवायची. पोळ्या लाटताना पिठी उडते, म्हणून भाकऱ्या आधी करून झाकून ठेवायच्या.

मग हिंग. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक असते, आणि फोडणी तर रोजची! डबीवरची बारीक अक्षरं वाचा. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. मेतकुटात गहू असतो, थालिपिठाच्या भाजणीतही असतो, त्यामुळे दोन्ही घरीच गव्हाशिवाय करावीत. सोया सॉसमध्ये गहू, माल्टच्या पेयांत जव. ओट्स शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हाबरोबर फिरतात, म्हणून 'ग्लूटेन-फ्री' छापलेलेच घ्या. भारतात तसं लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी लागते.

सगळ्यात अवघड जागा मात्र स्वयंपाकघराबाहेर आहे. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो. 'प्रसादाला नाही म्हणू नये, एवढ्याशाने काय होतं?' असं आजी प्रेमाने म्हणते, आणि मूल गोंधळून जातं. मला मनापासून वाटतं की हे समजवायचं काम मुलावर टाकू नये. आईवडिलांनी आधी फोन करून सांगावं, शक्य असेल तर मुलापुरता वरीचा शिरा करून न्यावा. शाळेत वर्गशिक्षिकेला लेखी द्यावं, कारण डबे वाटून खाल्ले जातात.

पथ्य सुरू झाल्यावर टीटीजीची पातळी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासून घ्या. मुलांचं आतडं लवकर भरून येतं, मोठ्यांना एक-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. वर्ष होऊनही पातळी उतरत नसेल, तर रुग्णाला 'चोरून खातोस का' असं विचारण्याआधी घरातली प्रत्येक डबी, पिठाची प्रत्येक पिशवी आणि गिरणी तपासा. बहुतेक वेळा कणीक तिथूनच येत असते.